बेघरांच्या निवाऱ्याचा पैसा अंदाजपत्रकात नेमका कुठे असतो?

ओसरी | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

आमचं शहर मध्यम आकाराचं, पाचेक लाख वस्तीचं. नाव मुद्दामच देत नाही. इथे पालिकेच्या जुन्या शाळेत बेघरांसाठी निवारा केंद्र आहे आणि गेली चार वर्षं मी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जाते. नोंदवही लिहिते, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर सोबत जाते, आजीलोकांची पेन्शनची कागदपत्रं बघते. सोय पन्नास जणांची. लोखंडी पलंग, दोन न्हाणीघरं, एक कपाटवजा लॉकर.

जुलैमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या रात्री साडेअकराला मी अजून तिथेच होते, कारण नोंदवहीत एकसष्ट नावं झाली होती आणि दाराबाहेर एक बाई दोन मुलं घेऊन उभी होती. रात्रपाळीच्या काळजीवाहकाने तिला आत घेतलं, स्वतःची चटई दिली आणि तो दारात खुर्चीवर बसून राहिला. त्याला तेव्हा पाच महिने पगार नव्हता. संस्थेला पालिकेकडून बिल मिळालेलं नव्हतं, पालिकेला वरून हप्ता आलेला नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने काम सोडलं. दुसरा मिळाला नाही म्हणून केंद्र महिनाभर रात्री नऊला कुलूप लावायचं. नऊला! ज्याचं काम रात्री अकराला सुटतं त्याने काय करायचं?

इमारत आहे, पलंग आहेत, पाटी आहे, उद्घाटनाची कोनशिलाही आहे. नाही ते रोजच्या चालवण्याचे पैसे. जानेवारीत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक येईल. त्याआधी मला नीट समजून घ्यायचंय की हा पैसा कुठून येतो, कुठे अडतो आणि आपण नागरिकांनी नेमकं काय मागायचं. पालिकेत काम केलेलं इथे कुणी आहे का?

जमाखर्च | ८ डिसेंबर, रात्री ११:५५

ओसरीताई, मी एका नगरपरिषदेत आणि नंतर एका महापालिकेत मिळून एकतीस वर्षं लेखा विभागात होतो. उद्या सविस्तर लिहितो. आज एवढंच सांगतो की तुमच्या काळजीवाहकाचा पगार ज्या कारणाने अडला, ते कारण मी माझ्या टेबलावर अनेकदा पाहिलंय. तेव्हा आपण पुरेसं केलं नाही, ही बोच अजून आहे.

दिल्लीवासी_मराठी | ९ डिसेंबर, सकाळी ७:१०

जमाखर्च काकांचं उत्तर येईपर्यंत थोडी पार्श्वभूमी देतो.

आज देशात जे काही निवारे आहेत, त्यांची सुरुवात मोठ्या प्रमाणात दिल्लीतल्या एका घटनेपासून झाली. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडच्या चौकातला बेघरांचा तात्पुरता तंबू महापालिकेने पाडला. लोक उघड्यावर आले आणि मृत्यूच्या बातम्या छापून आल्या. अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००१ पासून चालूच होता. त्यात न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी जानेवारी २०१० मध्ये पत्र लिहून हा प्रश्न न्यायालयापुढे नेला. म्हणणं साधं होतं. उपाशी माणसाला थंडी आधी मारते, तेव्हा अन्नाचा हक्क आणि निवाऱ्याचा हक्क वेगळे काढता येत नाहीत. त्यातूनच निकष पक्का झाला: शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान शंभर जणांची सोय, वर्षभर, दिवसाचे चोवीस तास.

इथे दिल्लीत आता त्यासाठी वेगळं मंडळच आहे. २०१० च्या कायद्याने ते झालं. दरवर्षी १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हिवाळी आराखडा असतो, पक्क्या रैनबसेऱ्यांच्या (रात्रनिवाऱ्यांच्या) जोडीला तंबू लागतात, रात्री गाड्या फिरतात. सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सराय काले खां इथला निवारा पाडला गेलेला आम्ही पाहिला. पण थंडी आली की तयारी कुणी करायची आणि कुठल्या खात्याने पैसे द्यायचे, हा प्रश्न इथे दरवर्षी नव्याने पडत नाही.

कोकणचा_पाऊस | ९ डिसेंबर, सकाळी ९:३२

दिल्लीवासी, तुमच्या १५ नोव्हेंबरवरून सुचलं ते लिहितो.

आपल्याकडे संकटाचे महिने वेगळे. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत बेघर माणसाला थंडी तितकी छळत नाही. छळतो पाऊस. जून ते सप्टेंबर फुटपाथवर कोरडी जागा नसते, ताडपत्री रस्ता साफ करताना उचलून नेतात, पायाला चिखल्या होतात, लेप्टोच्या तापाची भीती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पक्क्या घरातल्यांचे हाल झाले ते सगळ्यांना आठवतात. पुलाखाली राहणाऱ्यांचं काय झालं, हे कुणाच्या आठवणीत आहे?

महापूर आला की काही तासांत पालिकेच्या शाळा उघडतात, खिचडी शिजते, घोंगड्या येतात. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आपण सगळ्यांनी हे पाहिलंय, अनेकांनी हातभारही लावलाय. त्या खर्चाला आपत्ती निधी असतो, नियम असतात, पाणी ओसरलं की तलाठी पंचनामा करतो. पण ज्याला घरच नाही त्याच्या घराचा पंचनामा कसा होणार? भिंत पडलेली नाही, धान्य भिजलेलं नाही, कागदावर त्याचं काहीच गेलेलं नाही. शाळा तीच, वर्ग तेच, खिचडीचं पातेलंही तेच. पूरग्रस्ताला दार उघडतं, बेघराला नाही. माझी मागणी असेल की किनारपट्टीच्या प्रत्येक शहराने १ जून ते ३० सप्टेंबर असा पावसाळी निवारा आराखडा करावा आणि त्याला वेगळे पैसे ठेवावेत.

ओसरी | ९ डिसेंबर, सकाळी ९:५०

पंचनाम्याचं वाचून हात थांबला. ती दोन मुलांची बाई आठवली. तिच्या ओल्या गाठोड्याची नोंद मी वहीत "सामान: एक बोचकं" एवढीच केली होती.

जमाखर्च | ९ डिसेंबर, दुपारी ४:१५

आता सविस्तर.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालं. पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय योजना हे नाव जोडलं गेलं. त्यातला एक घटक म्हणजे नागरी बेघरांसाठी निवारा. नवी इमारत बांधायला किंवा जुनी दुरुस्त करायला पैसे, आणि चालवण्यासाठी पाच वर्षं मदत. सुरुवातीला केंद्र सरकारचा वाटा पाऊणपट, उरलेला राज्याचा. चालवण्याचा खर्च पन्नास जणांच्या केंद्राला वर्षाला ६ लाख रुपये धरला होता.

या ६ लाखांचा हिशेब करू. महिन्याला ५० हजार. माणशी महिन्याला हजार, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. केंद्र चोवीस तास चालवायचं तर तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक आणि एक व्यवस्थापक लागतोच. चौघांत ५० हजार वाटले तर प्रत्येकी साडेबारा हजार. यात वीजबिल नाही, फिनेल नाही, चादरी धुणं नाही, पलंगाची तुटलेली पट्टी नाही. ज्या दिवशी हा आकडा ठरला त्या दिवसापासून उरलेला भार पालिकेने उचलावा हे गृहीतच होतं. पण अनेक पालिकांनी तो कधी लिहूनच घेतला नाही.

आता पैसा अडतो कसा. केंद्र सरकारकडून राज्याला, राज्याकडून पालिकेला, पालिकेकडून चालवणाऱ्या संस्थेला. प्रत्येक पायरीवर आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, लागतं. संस्थेने बिल उशिरा दिलं, पालिकेचा अभियान व्यवस्थापक बदलून गेला, लेखापरीक्षणाचा एक आक्षेप निघाला, की प्रमाणपत्र थांबतं आणि पुढचा हप्ता थांबतो. कुणी पैसे खाल्ले असं दरवेळी नसतं. बहुतेक वेळा फाइल नुसती पडून असते. पण त्या काळात शाळेचा दिवा चालू ठेवायचा कुणी?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, तीही यासाठीच. पैसे दिले जात होते, निवारे त्या प्रमाणात दिसत नव्हते.

आणि महत्त्वाचं म्हणजे हे अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. आता निवारा "योजना आहे म्हणून" चालवायचा असेल तर योजना गेली की कुलूप. तो पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून चालला पाहिजे, दिवाबत्ती चालते तसा. मालमत्ता कराच्या थकबाकीमुळे या महिन्यात रस्त्यावरचे दिवे बंद ठेवतो, असं कुठली पालिका म्हणते का?

अंदाजपत्रकाचं पुस्तक हातात घ्याल तेव्हा "तरतूद" हा रकाना बघून समाधान मानू नका. त्याच ओळीत मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च असतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो. तरतूद भरघोस आणि प्रत्यक्ष खर्च नगण्य असेल, तर पैसे वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवले गेले. याला आमच्याकडे वर्गीकरण म्हणायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गीकरणाचे ठराव कसे यायचे ते मी पाहिलंय. ज्या शीर्षाला, म्हणजे खर्चाच्या ओळीला, कुणी वाली नाही तिथून पैसे आधी उचलले जातात. निवाऱ्यात राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचं त्या प्रभागाच्या मतदार यादीत नाव नसतं, हे वेगळं सांगायला नको.

स्वच्छ_प्रभाग | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या सोसायटीपासून शंभर मीटरवर असं केंद्र आहे. रात्री आरडाओरडा असतो, दारू पिऊन लोक फाटकाशी पडलेले असतात, माझी मुलगी क्लासवरून परतताना रस्ता बदलते. आम्ही वेळेवर कर भरतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की सगळंच सरकार देऊ शकत नाही, बेघरांनीही काम करावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच निवाऱ्यांच्या प्रकरणात खंडपीठाने म्हटलं की फुकट वाटपामुळे लोक काम करायला तयार नसतात, तेही वाचलं असेलच. फुकट देत राहिलं तर माणूस उभा कधी राहणार?

वाढपी | ९ डिसेंबर, रात्री ११:२०

मी या साइटवर फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

१९९८ ला मी लातूरकडून मुंबईला आलो. तीन वर्षं मध्य मुंबईत एका स्टेशनबाहेर फुटपाथवर झोपलो. त्या तीन वर्षांत मी एकही दिवस बसून खाल्लं नाही साहेब. सकाळी नाक्यावर उभा राहायचो, बिगारी मिळाली तर बिगारी. लग्नसराईत हॉलवर वाढपी. रात्री बारा-एकला हॉल सुटायचा, पंगतीतलं उरलेलं पिशवीत मिळायचं, चालत यायचो आणि झोपायचो. माझ्या आजूबाजूला झोपणारे हातगाडीवाले होते, गोदीतले हमाल होते, भंगार वेचणाऱ्या बाया होत्या. सकाळी तुम्ही उठायच्या आत ते कामाला लागलेले असायचे, म्हणून तुम्हाला दिसायचे नाहीत. तुम्हाला दिसायचा तो दुपारी तिथेच पडलेला माणूस, कारण तो आजारी होता किंवा दारूत बुडालेला होता.

खोली का घेतली नाही म्हणाल तर डिपॉझिट. रोजची मजुरी हातात असते, एकरकमी दहा हजार नसतात. आणि साठवायचे कुठे? दोनदा झोपेत खिसा कापला. एकदा कागदपत्रांची पिशवी गेली, त्यात शाळा सोडल्याचा दाखला होता. तो परत मिळवायला गावाला खेपा घालाव्या लागल्या. मला त्या वेळी कुणी एक कुलपाचा खण दिला असता तर मी वर्षभरात खोली घेतली असती. हे मी आज माझ्या खानावळीत बसून सांगतोय, हिशेब करून सांगतोय.

निवाऱ्याला आम्ही जात नव्हतो असं लोक म्हणतात. खरं आहे. एकदा गाडीत घालून शहराबाहेर लांब नेलं होतं. सकाळी सातला नाक्यावर पोचायचं तर तिथून दोन बस बदलून यावं लागायचं, भाडं कोण देणार? आणि भिकारी म्हणून धरतील ही भीती कायम. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने पोटापाण्याचं साधन न दिसता नुसतं उघड्यावर भटकताना दिसलात तरी धरता येत होतं. निवारा नाक्याजवळ हवा, मंडईजवळ हवा, स्टेशनजवळ हवा. रात्री एकलाही दार उघडं हवं. सामानाला खण हवा. एवढं असेल तर कुणाला बळजबरीने आणावं लागणार नाही.

क्वीन्सकर | १० डिसेंबर, सकाळी ६:४५

वाढपी, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं.

मी न्यूयॉर्कला राहते. इथला अनुभव थोडक्यात सांगते, कारण कायद्याने बांधून घेतलं की पैशाचं काय होतं ते इथे दिसतं. १९७९ मध्ये रॉबर्ट हेस नावाच्या तरुण वकिलाने रॉबर्ट कॅलहन आणि इतर बेघर पुरुषांच्या वतीने शहरावर खटला भरला. आधार होता राज्याच्या घटनेतलं एक कलम, जे मंदीच्या काळानंतर १९३८ मध्ये घातलं गेलं होतं: गरजूंना मदत ही सार्वजनिक जबाबदारी आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये शहराने तडजोडनाम्यावर सही केली. त्यानुसार जो मागेल त्याला शहराने रात्रीचा पलंग द्यायचा. पलंगाचा आकार, न्हाणीघरांचं प्रमाण, चादर-उशी हेही त्यात लिहिलेलं. कॅलहन मात्र सही होण्याआधीच रस्त्यावर मरण पावले.

त्यामुळे इथे महापौर कुणीही असो, निवाऱ्याचा पैसा काढावाच लागतो. तापमान शून्यावर किंवा खाली गेलं की दुपारी चारपासून सकाळी आठपर्यंत कुणालाही दारातून परत पाठवता येत नाही. २०२२ नंतर स्थलांतरित मोठ्या संख्येने आले, निवाऱ्यात राहणारे लाखावर गेले, शहराने हॉटेलं भाड्याने घेतली. मार्च २०२४ च्या नव्या तडजोडीने नव्याने आलेल्या एकट्या प्रौढांसाठी मुदत घातली गेली. हक्कालाही ओढाताण चुकली नाही.

पण एक सांगते. नुसता पलंग देत राहिल्याने इथे माणसं वर्ष वर्ष निवाऱ्यात अडकतात, कारण परवडणारं घरच नाही. हक्क मागताना त्याच्या पुढची खोलीही मागा.

टीबी_दवाखाना | १० डिसेंबर, दुपारी १:३०

क्षयरोगाच्या कामात आहे. घाईत लिहितेय.

टीबीचं औषध फुकट आहे, पण किमान सहा महिने रोज घ्यावं लागतं. पुलाखाली राहणारा रुग्ण दुसऱ्या महिन्यात हरवतो. पोलिसांनी उठवलं, तो दुसऱ्या पुलाखाली गेला, आम्ही शोधत राहतो. आहारासाठी सरकारचे पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार झाले, पण ते बँक खात्यात येतात. खात्याला आधार लागतं, आधारला पत्ता लागतो. निवारा केंद्राचा पत्ता आधारवर लागला की रेशन, खातं, औषध सगळं एका धाग्याला येतं. मी ज्यांना बरं होताना पाहिलंय त्यातले बरेच जण निवाऱ्यात टिकलेले होते. स्वच्छ_प्रभाग, तो माणूस तुमच्या फाटकाशी खोकत पडण्यापेक्षा पलंगावर औषध घेऊन झोपणं तुमच्या मुलीसाठीही बरं, एवढंच सुचवते.

आणखी एक. मानसिक आजाराने भटकणाऱ्यांना निवाऱ्यात आणून सोडण्याची सवय झालीय. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन दवाखान्यापर्यंत पोचवणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. साडेबारा हजारांच्या काळजीवाहकाने ते कसं पेलायचं?

स्वच्छ_प्रभाग | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

वाढपी, मी "उभा कधी राहणार" असं लिहिलं, त्यात तुमच्यासारख्यांचा विचार नव्हता. ते वाक्य मागे घेतो.

पण माझी तक्रारही खोटी नाही. त्या केंद्रात संडास दोनच, त्यातला एक तुंबलेला. रांग बाहेर येते ती आमच्या भिंतीशी. रात्री रक्षक नसतो. हे पैशाअभावी असेल तर पैसे द्या, माझा विरोध नाही. अर्धवट चालवलेलं केंद्र शेजाऱ्यांना नको असतं आणि मग आम्हीच दुष्ट ठरतो.

जमाखर्च | १० डिसेंबर, रात्री ९:४०

स्वच्छ_प्रभाग, तुमची तक्रार लेखी द्या. संडास, रक्षक, दिवा. शेजाऱ्यांकडून "केंद्र हलवा" ऐवजी "केंद्र नीट चालवा" असं पत्र गेलं तर त्याला वजन येतं.

आता शंभर जणांच्या केंद्राचा माझा अंदाज देतो. हा माझा हिशेब आहे, कुठलाही सरकारी दर नाही, आपापल्या शहराप्रमाणे बदला. एक व्यवस्थापक, तीन पाळ्यांचे तीन आणि सुटीला बदली एक असे चार काळजीवाहक, दोन सफाईवाले. सात माणसं, सरासरी १८ हजार धरले तर १ लाख २६ हजार. वीज-पाणी २५ हजार. चादरी, साबण, औषधं २० हजार. दुरुस्ती १० हजार. महिन्याला १ लाख ८१ हजार, वर्षाला २१ लाख ७२ हजार. माणशी दिवसाला साठ रुपये. जेवण यात नाही.

ओसरीताईंच्या पाच लाखांच्या शहराला निकषाप्रमाणे अशी पाच केंद्रं लागतील: १ कोटी ८ लाख ६० हजार. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं. माझ्या दराने २७ कोटी १५ लाख. मुंबईचे दर दुप्पट धरा, ५४ कोटी. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. हजार रुपयांत पाऊण रुपयाच्या आत.

जागेचा प्रश्न मुंबईत खराच आहे, तो या आकड्यात बसत नाही. पण जागा नाही म्हणून चालवण्याची तरतूदही नाही, हे पटत नाही. आहेत ती केंद्रं तरी धड चालोत.

दिल्लीवासी_मराठी | ११ डिसेंबर, सकाळी ८:००

मुंबईवरून आठवलं. फुटपाथवर राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा निकाल मुंबईच्याच खटल्यात लागला. १९८१ मध्ये पावसाळ्यात झोपड्या उठवण्याचा आदेश निघाला. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यात म्हटलं. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतं. वाढपींनी नाक्याबद्दल जे लिहिलं तेच चाळीस वर्षांपूर्वी न्यायालयाने मान्य केलं होतं. तरी निवारे अजून शहराच्या टोकाला बांधले जातात.

आळंदीची_वाट | २० डिसेंबर, सकाळी ६:२०

धागा वर काढतेय. आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली आजच्याच दिवशी ते गेले.

माझ्या आजोबांवर मुंबईत उपचार चालू होते तेव्हा आजी महिनाभर बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिली होती. ती सांगायची, तिथे कुणी जात विचारली नाही, फक्त "पेशंट कोण" एवढं विचारलं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबईत इस्पितळांजवळ. जिथे लोकांना अडून राहावं लागतं तिथेच बाबांनी धर्मशाळा बांधल्या. जागा निवडण्याची ती नजर आज नियोजन करणाऱ्यांना हवी. दशसूत्रीत "बेघरांना आसरा" हे शब्द आहेत आणि आपण ते भिंतीवर लावतो.

आमच्या इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळाबाहेर आजही रुग्णांचे नातेवाईक पायऱ्यांवर झोपतात. ते बेघर नाहीत, गावाकडे घर आहे. पण त्या पंधरा रात्रींपुरते ते बेघरच. निवाऱ्याच्या मोजणीत ते कुठेच येत नाहीत.

ओसरी | २७ डिसेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे अंदाजपत्रकाचं पुस्तक मिळवलं. आमच्या निवाऱ्याची ओळ सापडायला तास लागला. ती शिक्षणात नाही, आरोग्यात नाही, "शासकीय योजना, इतर" मध्ये आहे. वेगळं लेखाशीर्षच नाही. मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य. मी ज्या वर्षी तिथे आठवड्यातून दोनदा जात होते, माणसं रोज त्या छताखाली झोपत होती, त्या वर्षीचा खर्च शून्य. पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला. तीन गोष्टी विचारल्या आहेत: गेल्या तीन वर्षांत वरून किती हप्ते आले आणि कोणत्या तारखेला, संस्थेची किती बिलं थकली आहेत, आणि या शीर्षातून किती रक्कम वर्गीकरणाने दुसरीकडे गेली. तीस दिवस मोजतेय.

आयुक्तांना निवेदनात चार मागण्या लिहिल्या. पालिकेच्या स्वनिधीतून स्वतंत्र लेखाशीर्ष. काळजीवाहकांचा पगार महिन्याच्या महिन्याला पालिकेने द्यावा, वरचा हप्ता आल्यावर वळता करून घ्यावा. जून ते सप्टेंबर दोन जादा शाळा रात्री उघड्या. नवं केंद्र झालंच तर मंडईच्या मागच्या बंद पडलेल्या दवाखान्यात, कारण नाका तिथून पाच मिनिटांवर आहे. वाढपींचं पत्र त्यांच्या परवानगीने सोबत जोडलं. निवेदनावर आमच्या शेजारच्या दोन सोसायट्यांनीही सही केली, त्यांची पाचवी मागणी संडासांची आहे.

जमाखर्च | २७ डिसेंबर, रात्री १०:५०

शून्यावर नाउमेद होऊ नका. तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. त्या पानाची प्रत निवेदनाला जोडा आणि स्थायी समितीच्या सदस्यांना एकेक द्या. आणि मसुदा आला की "नाममात्र तरतूद रु. १,०००" असं दिसलं तर लगेच इथे लिहा. ते शीर्ष उघडलं एवढंच दाखवण्यासाठी असतं.

टीबी_दवाखाना | २८ डिसेंबर, सकाळी ७:४०

एक आठवण. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. देशभरात साडेसतरा लाखांच्या वर लोक मोजले गेले. रात्रपाळीला गेलेले, दुकानाच्या फळीमागे झोपलेले, पोलिसांच्या भीतीने लपलेले किती राहिले असतील याची कल्पना करा. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. तेव्हा पुन्हा एक रात्र मिळेल. आपापल्या शहरात लोक कुठे झोपतात याची यादी आपण आधीच केली, तर मोजणाऱ्यांना दाखवता येईल. दर लाखाला शंभर हा निकष किमान आहे, प्रत्यक्ष गरज जास्त निघाली तर पालिकेला कागदावर दाखवायला ही यादीच लागेल.

वाढपी | २८ डिसेंबर, रात्री ११:४५

यादीला मी येतो. स्टेशनबाहेर कोण कुठे झोपतं ते दिवसा कळत नाही, रात्री साडेबाराच्या पुढे फिरावं लागतं. बॅटरी तोंडावर मारायची नाही, उभं राहून विचारायचं नाही, खाली बसून विचारायचं. चहाची किटली सोबत ठेवू, माझ्याकडून.

ओसरीताई, तो काळजीवाहक सध्या कुठे असतो? पगाराचं मिटेपर्यंत माझ्याकडे काम आहे.

ओसरी | २९ डिसेंबर, सकाळी ६:०५

त्याचा नंबर तुम्हाला निरोपात पाठवला आहे. शनिवारी रात्री साडेबारा, मंडईच्या कमानीपाशी. आत्तापर्यंत चौघं आहोत.